लारा क्रॉफ्टची कोणती हकीकत खरी धरायची?

गिरणाकाठ, जळगाव (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. लारा क्रॉफ्टच्या 'टूम रेडर' या व्हिडिओ गेम मालिकेच्या पहिल्या तीन भागांची नव्याने उजळलेली आवृत्ती 2024 मध्ये आली. ती मी या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या सतरा वर्षांच्या भाच्याबरोबर खेळलो आणि पहिल्याच संध्याकाळी आमचा वाद झाला. भाच्याची लारा 2013 च्या भागापासून सुरू होते. तिचे जहाज फुटते, ती यामाताई बेटावर अडकते आणि तिथे तिची घडण होते. माझ्या, म्हणजे 1996 च्या पहिल्या खेळातल्या लाराचे विमान हिमालयात कोसळले होते, त्यातून ती एकटीच वाचली होती आणि पुढे घरच्यांनी तिच्याशी संबंध तोडले होते. भाचा तिच्या वडिलांचे नाव रिचर्ड सांगतो, मी हेन्शिंगली सांगतो. त्यातच 2006 च्या 'लेजंड'मध्ये वडील रिचर्डच आहेत, परंतु विमानही आहे, फक्त ते लारा नऊ वर्षांची असताना कोसळते आणि आई अमेलिया तिथूनच नाहीशी होते. म्हणजे एका मुलीच्या तीन हकीकती झाल्या.

मालिकेला 25 वर्षे होत असताना, 2021 मध्ये, हल्ली ही मालिका बनवणाऱ्या क्रिस्टल डायनॅमिक्सने जाहीर केले की यापुढचा खेळ या सगळ्या काळरेषा एकत्र आणणारा असेल. माझा प्रश्न एवढाच आहे की काहीही टाकून न देता हे जमेल का, आणि टाकावेच लागले तर काय टाकलेले आपल्याला चालेल? नावे बदलली म्हणून मी भांडत नाही. पण 1996 ची लारा पैशांसाठी नव्हे, तर हौसेखातर थडग्यांत उतरते, हे ती पहिल्याच प्रसंगात तिला काम देणाऱ्या नॅटलाला तोंडावर सांगते. नंतरच्या प्रत्येक लाराला मात्र आई तरी शोधायची असते किंवा वडिलांचे काम तरी पुरे करायचे असते. हा बदल मला खुपतो.

यार्डातला, भुसावळ

आपल्या प्रश्नातला शेवटचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु जुनी हकीकत सलग होती आणि ती नव्या मंडळींनी मोडली, हे मला पटत नाही. हेन्शिंगली हे नाव आपल्याला नेमके कुठे वाचायला मिळाले, ते आठवून पाहावे. विमान, दोन आठवड्यांची पायपीट, तोकाकेरिबी नावाचे गाव आणि प्रवासखर्चासाठी केलेले लेखन हे सगळे पहिल्या खेळाबरोबर आलेल्या छापील पुस्तिकेत होते, प्रत्यक्ष खेळात त्यातले जवळजवळ काहीच नाही. स्टेशनजवळच्या ज्या कॅफेत मी वीस रुपये तासाने हा खेळ खेळलो, तिथे पुस्तिका नव्हतीच. सीडीसुद्धा कोणीतरी काटछाट करून आणलेली होती, त्यामुळे मधले चित्रपटवजा प्रसंग आणि संगीत गायब होते. एक पातळी संपली की पडदा काळा व्हायचा आणि एकदम दुसऱ्या देशात उजाडायचे. पेरूतून ग्रीसला लारा का गेली, याचे उत्तर आम्ही चार मित्रांनी मिळून रचले होते. त्यात लार्सन, म्हणजे खरे तर नॅटलाचा माणूस, हा लाराचा फसवणूक करणारा भागीदार होता, आणि कित्येक वर्षे मी तेच खरे धरून चाललो. तेव्हा भारनियमन इतके असायचे की रचायला वेळही भरपूर मिळायचा.

शिवाय सुरुवातीचे खेळ बनवणाऱ्या कोअर डिझाइनने स्वतःच आपली पुस्तिका मोडलेली आहे. पुस्तिकेप्रमाणे लारा एकविसाव्या वर्षापर्यंत उमराव घराण्यातली लाडाकोडात वाढलेली मुलगी आहे आणि विमान कोसळल्यावर तिचे डोळे उघडतात. 1999 चा 'द लास्ट रिव्हिलेशन' उघडा. सुरुवातीलाच 1984 साल आणि अंगकोर वाट दिसते, आणि सोळा वर्षांची लारा तिचा गुरू व्हॉन क्रॉय याच्या मागून भिंती चढत असते. मग एकविसाव्या वर्षी तिचे कसले डोळे उघडले? त्याच भागाच्या शेवटी ती इजिप्तमध्ये ढिगाऱ्याखाली गाडली जाते, 2000 च्या 'क्रॉनिकल्स'मध्ये लोक तिच्या आठवणी काढायला वाड्यावर जमतात आणि 2003 मध्ये ती पॅरिसमध्ये हजर होते. ती कशी वाचली, हे त्या खेळात धड सांगितलेलेही नाही.

पांझरेचा पूर, धुळे

यार्डातले मित्र म्हणतात ते खरे आहे, पण पुस्तिका आणि खेळ यांच्यातली तफावत ही निष्काळजीपणाची आहे. मला आक्षेप घ्यायचा आहे तो जाणूनबुजून केलेल्या बदलाला, आणि त्यासाठी मी एकच गोष्ट तपासायला सांगेन: लाराने पहिला माणूस कधी मारला?

1996 च्या खेळात पेरूमध्ये लार्सनला गोळ्या लागतात, पण तो जगतो. ग्रीसमध्ये तिहोकानच्या थडग्याबाहेर ती पियेर या प्रतिस्पर्ध्याला ठार करते, पुढे इजिप्तमध्ये लार्सनला, आणि त्यानंतर नॅटलाच्या खाणीत आणखी तिघांना. एकूण पाच माणसे झाली, आणि खेळ त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. आता 2007 चा 'ॲनिव्हर्सरी' पाहा, जो त्याच खेळाचा नवा अवतार आहे. त्यात पियेरला अश्वमानव मारतात, खाणीतली दोन माणसे आपसांतच भांडून मरतात आणि लाराच्या हातून मरतो तो फक्त लार्सन. त्याच्यासमोर ती अडखळते, गोळी झाडल्यावर स्वतःच्या हातांकडे बघत राहते. ही एक जागा वजनदार व्हावी म्हणून बाकीचे सगळे मृत्यू दुसऱ्यांच्या माथी मारले आहेत. लेखन म्हणून मला ते आवडले, नाकारत नाही. पण मग 2013 मध्ये यामाताईवर पुन्हा 'पहिला खून' येतो, पुन्हा तिचे हात थरथरतात, आणि अर्ध्या तासाच्या आत ती धनुष्यबाणाने माणसे टिपत फिरते. एकाच मुलीने दोनदा पहिला खून करायचा, तोही दोन्ही वेळा हादरून, हे कोणत्या काळरेषेत बसवणार? वडिलांचे नाव कागदावर खोडता येते, ही गोष्ट खोडता येत नाही, कारण दोन्ही ठिकाणी ती आपल्याच बोटांनी घडलेली आहे.

मी हे सगळे एकदा घरी मोठ्याने सांगत असताना आजीने पडद्याकडे पाहून विचारले होते, 'हाई कोन शे?' मला एका वाक्यात उत्तर देता आले नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार

मंडळी, तिसऱ्या भागात माकड आपली वस्तू पळवते आणि आपण अर्धा तास त्याच्या मागे धावतो. त्या वेळी वडील रिचर्ड आहेत की हेन्शिंगली, याचा विचार आपल्यापैकी कोणी केला होता का? सर्व काळरेषांत टिकलेली व्यक्ती हवी असेल तर तो लाराच्या वाड्यातला बटलर विन्स्टन आहे. दुसऱ्या भागात आपण त्याला शीतगृहात कोंडले, 'लेजंड'मध्ये तो लाराला चहा विचारतो, आणि 2015 च्या 'राईज'मधल्या वाड्यातही त्याच्या नोंदी सापडतात. माझ्यापुरती तीच काळरेषा.

भाटाची वही, चोपडा

माझे नाव पाहून कोणी हसू नये, मुद्दा त्यातच आहे. आमच्याकडे काही वर्षांनी भाट येतो आणि वंशावळीची वही उघडून वाचून दाखवतो. आमच्या खापरपणजोबांचे मूळ गाव वहीत एक आहे आणि घरातली वडीलधारी मंडळी दुसरेच सांगतात. वही खोटी ठरवून कोणी फाडली नाही आणि म्हाताऱ्यांना कोणी गप्पही केले नाही. भाटाने पुढच्या खेपेस शेजारी एक ओळ वाढवली आणि ती वाचताना तो आवाज थोडा खाली आणतो, इतकेच.

'लेजंड', 'ॲनिव्हर्सरी' आणि 2008 चा 'अंडरवर्ल्ड' यांनी हेच केले, असे मी मानतो. पहिल्या खेळातली नॅटला त्यांनी ठेवली आणि आईच्या गायब होण्याशी तिचा धागा जोडला, तोही इतक्या निर्दयपणे की 'अंडरवर्ल्ड'मध्ये आई सापडते तेव्हा ती आई उरलेली नसते आणि लाराला तिच्यावर गोळी चालवावी लागते. 2013 मध्ये मात्र वही बाजूला ठेवून कोऱ्या कागदापासून सुरुवात झाली. तसे करण्याचा त्यांना अधिकार होता. घोळ झाला तो आता दोन वह्या एकत्र शिवायच्या ठरल्यामुळे.

याची चाहूल 2018 च्या 'शॅडो'मध्येच लागली होती. सुरुवातीच्या प्रतीत शेवटी लाराच्या टेबलावर नॅटलाचे पत्र दिसत असे. ते दृश्य चुकून राहिल्याचे सांगून पहिल्याच दुरुस्तीत काढून टाकले गेले. म्हणजे ज्याने इंटरनेट न जोडता खेळ पूर्ण केला त्याची लारा नॅटलाच्या वाटेला निघाली होती, आणि ज्याने जोडले त्याची नाही. धुळेकरांना माझे उत्तर असे आहे की दोन पहिल्या खुनांपैकी एक सोडावाच लागेल, आणि मी 2013 चा ठेवीन. लार्सनला हौसेने हिंडणाऱ्या लाराने न अडखळता मारावे, जसे 1996 मध्ये मारले. त्यामुळे मूळ प्रश्नकर्त्यांची हौसही शाबूत राहते, फक्त ती यामाताईनंतर कमावलेली ठरते.

गिरणाकाठ, जळगाव

सर्वांचे आभार. चोपड्याच्या मित्रांची तोड मला अर्धी पटली. हौस कमावता येते हे मान्य, पण कमावलेली हौस आणि मुळातली बेफिकिरी यांत फरक राहतोच, आणि पहिल्या खेळातली लारा मला बेफिकीर म्हणूनच आवडत होती. पियेरच्या मृत्यूचा मुद्दा मात्र माझ्या कधीच लक्षात आला नव्हता. तो भाग काल पुन्हा खेळून पाहिला आणि धुळेकरांचा हिशेब बरोबर निघाला.

चौथ्या ते सहाव्या भागांची नवी आवृत्ती 2025 मध्ये आली आहे, तीही आम्ही घेतली. यार्डातल्या मित्रांनी सांगितले म्हणून अंगकोर वाटची सुरुवात भाच्याच्या हाती दिली. व्हॉन क्रॉय पुढे चालत सूचना देतो आहे, सोळा वर्षांची दोन वेण्यांची लारा मागून चुका करत शिकते आहे. भाचा दहाएक मिनिटे काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मामा, ही तर माझीच लारा आहे, तुमची कुठे आहे?' खेळ 1999 चा आहे, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.