मदत हवी आहे: ४ फुटी टँक, बोअरचं पाणी. सिक्लिड कुळातले कोणते मासे एकत्र नांदतील?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती दिवसातला बराच वेळ हॉलच्या खिडकीपाशी खुर्चीत बसून असते. तिच्यासाठी म्हणून मोठा फिशटँक घ्यायचं ठरवलं आणि मागच्या आठवड्यात तो आला. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर २५५ लिटर होतात, रेती-दगड टाकल्यावर २२० च्या आसपास धरते आहे. बाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर आहे, एक स्पंज फिल्टर आहे. मासा मात्र अजून एकही आणलेला नाही.

आणण्याआधी विचारते आहे, कारण यापूर्वी एकदा फार वाईट झालं. तीन वर्षांपूर्वी दोन फुटी टँक घेतला होता. दुकानदाराने दोन एंजल, दोन इंचांचा ऑस्कर, चार पिवळे आफ्रिकन आणि काच साफ करायला एक सकर असं सगळं एका पिशवीत बांधून दिलं. "सगळे सिक्लिडच आहेत, एकाच जातीचे, राहतात एकत्र," म्हणाला. टँक ज्या दिवशी भरला त्याच संध्याकाळी मासे सोडले. सहाव्या दिवशी दोन्ही एंजल गेले. पिवळ्यांनी त्यांचे पंख कुरतडले होते आणि पाण्यात अमोनियाही साठला होता, हे सगळं मला नंतर वाचून कळलं. ऑस्कर वर्षभरात फूटभर होऊ शकतो हेही तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आईने त्या एंजलना नावं ठेवली होती. त्यानंतर तिने टँककडे बघणंच सोडलं. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

पाण्याचे आकडे देते. बोअर: पीएच ८, टीडीएस (विरघळलेले क्षार) ६२०, जीएच (पाण्याचा कठीणपणा) १८, केएच (पाण्यातले कार्बोनेट) १२. टेस्ट किटने तीन वेळा मोजलं, तेच येतं. अडचण अशी की मार्चपासून पाऊस सुरू होईपर्यंत सोसायटीत टँकर येतो आणि त्या पाण्याचा काही नेम नाही. कधी टीडीएस ३००, कधी ९००.

वाचून एवढं समजलं की आफ्रिकेतल्या मलावी तलावाचं पाणी असंच अल्कधर्मी, ७.७ ते ८.६ पीएचचं असतं. म्हणजे तिथले सिक्लिड, म्बुना किंवा पीकॉक, माझ्या बोअरला जवळचे. पण आईला हवेत एंजल. तेही सिक्लिडच, फक्त ॲमेझॉनच्या मऊ, संथ पाण्यातले. पाणी बघून मासे निवडावेत, की माशांसाठी आरओ लावून पाणी बदलावं? म्बुना घेतले तर कोणते कोणाबरोबर? दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून एकाच टाकीत दहा रंगांचे मासे असतात, त्यांतले कोणते उचलायचे ते कळत नाही.

प्रतिसाद (कोल्हापूर)

ताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. नुसता टँकचा फोटो असता तर काहीच सांगता आलं नसतं.

चौदा वर्षं मलावीचे मासे पाळतो आहे, त्यावरून सांगतो. नळाला किंवा बोअरला जे पाणी येतं त्यात जगणारे मासे घ्या. आरओचं पाणी दर आठवड्याला ऐंशी-नव्वद लिटर करायचं म्हणजे त्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं, आणि एक आठवडा चुकला की मासे आजारी.

म्बुना म्हणजे तिथल्या टोंगा लोकांच्या भाषेत दगडातला मासा. नावातच सगळं आलं. तो कपारीत घर करतो आणि कपारीवरून भांडतो. चार फुटात पहिल्यांदा ठेवायचे तर यलो लॅब, रस्टी आणि असेई. यलो लॅब म्बुनांमध्ये सर्वांत सौम्य. रस्टी जांभळट-तपकिरी, कोणाच्या वाटेला न जाणारा. असेई निळा-जांभळा, पिवळ्या शेपटीचा, तो दगडात न शिरता मधल्या पाण्यात कळपाने फिरतो, म्हणजे जागेची वाटणी आपोआप होते. ८ लॅब, ६ रस्टी, ६ असेई. तिन्ही लहान असताना एकदमच सोडा. मोठे झाले की नर ओळखू येतील. प्रत्येक नरामागे तीन तरी माद्या राहतील असे जादा नर परत द्या. दोनच मासे ठेवले तर एक दुसऱ्याला मारतो. वीस असले की राग वाटला जातो. मात्र तेवढ्या माशांना फिल्टर आणि पाणीबदल दोन्ही दमदार हवं.

ऑराटस कितीही सुंदर दिसला तरी घेऊ नका. पिल्लू असताना पिवळ्यावर काळे पट्टे, गोजिरवाणं. मोठा नर अख्खा टँक ताब्यात घेतो. डेमासोनी दोन-चार ठेवायचा मासा नाही, बारा-पंधरांचा घोळका लागतो. रेड झेब्रा यलो लॅबबरोबर नको, त्यांचा संकर होतो आणि ती पिल्लं पुढे यलो लॅब म्हणून बाजारात जातात. दुकानातला अर्धा घोळ तिथूनच आहे. मिक्स टाकीतलं बिननावाचं पिल्लू घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

पीकॉक हवे असतील तर वेगळा टँक. ते मऊ स्वभावाचे, रेतीतले किडे टिपून खाणारे. म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडणारे. दोघांचं ताट वेगळं. म्बुनांना स्पिरुलिनाच्या (शेवाळाच्या) गोळ्या, दिवसातून दोनदा, मिनिटाभरात संपतील एवढ्याच. ब्लडवर्म, बीफहार्ट अशा मांसाहारी खाद्याच्या नादाला लागू नका. पोट फुगून मासे जातात, त्या दुखण्याला मलावी ब्लोट असंच नाव आहे.

दगड आधी, रेती नंतर. हे मासे उकरतात. रेतीवर रचलेला दगड खालून पोकळ झाला की कोसळतो आणि तळाची काच तडकते. तळाला थर्माकोलचा पातळ तुकडा ठेवून त्यावर दगड रचा, मग रेती ओता. आपला सह्याद्रीचा काळा दगड उत्तम, पाण्यात काही सोडत नाही.

प्रतिसाद (चेन्नई)

कोल्हापूरच्या दादांशी सहमत, फक्त एंजलबद्दल थोडं. बाजारात येणारे एंजल ॲमेझॉनमधून आलेले नसतात. इथे कोळत्तूर भागात घराघरातून त्यांची पैदास होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला एंजल पीएच ७.५ ते ८ सुद्धा सोसतो. म्हणून आईंना एंजलच हवे असतील तर आरओशिवाय जमू शकतं. सहा पिल्लं घ्या, जोडी जमली की बाकीचे काढायची तयारी ठेवा, कारण जोडी अर्धा टँक आपला समजते. एंजलची उंची बघता दीड फूट कमीत कमी आहे, पण चालेल.

फक्त दोन्ही नकोत. म्बुनांबरोबर एंजल म्हणजे तुमच्या तीन वर्षांपूर्वीचीच गोष्ट. लांब पंख दिसले की म्बुना कुरतडणारच.

प्रतिसाद (मडगाव)

आपल्याकडचे सिक्लिड कोणी सुचवत नाही याचं वाईट वाटतं, म्हणून लिहिते. आम्ही ताटात वाढतो तो काळुंदर सिक्लिडच आहे, केरळात त्यालाच करिमीन म्हणतात. तो मोठा होतो, तुमच्या टँकला नको. पण त्याचा लहान भाऊ ऑरेंज क्रोमाइड तीन इंचांचा, केशरी, ठिपक्यांचा, आणि कठीण पाण्यात खुशाल राहतो. सहा-आठांचा कळप ठेवा. नर-मादी दोघं मिळून पिल्लं सांभाळतात, ते बघत बसावं असं असतं. म्बुनांबरोबर मात्र त्यांनाही ठेवू नका, मार खातील.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. काळुंदर सिक्लिड आहे हे ऐकून ती थक्क झाली. तिचं माहेर मालवणचं.

कोल्हापूरच्या काकांना विचारायचं होतं, टँकरच्या पाण्याचं काय करू? आणि उन्हाळ्यात सोसायटी पाणी जपून वापरा म्हणत असताना आठवड्याला ऐंशी लिटर टाकून द्यायचं मनाला पटत नाही.

प्रतिसाद (कोल्हापूर)

टीडीएसपेक्षा केएचकडे बघा. पीएच एका जागी धरून ठेवणारा तोच. केएच ७-८ च्या वर असला की मलावीच्या माशांना चिंता नाही. खाली आला तर फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत शिंपल्यांचा चुरा ठेवा, तो हळूहळू विरघळून भरपाई करतो. दोनशे लिटरचा ड्रम घ्या. टँकरचं पाणी त्यात एक दिवस हवेच्या दगडाबरोबर (पंपाला जोडून बुडबुडे सोडणारा) फिरू द्या, अँटीक्लोरीन घाला, मोजा, मगच टँकमध्ये. एका वेळी पाव टँक, त्याहून जास्त नाही.

टाकलेलं पाणी मोरीत सोडू नका. त्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खतासारखंच. माझ्या गच्चीतली कढीपत्त्याची दोन झाडं त्यावरच आहेत. सोसायटीच्या बागेला दिलंत तर कोणी बोलणार नाही.

आणि घाई नको. आधी टँक पिकू द्या, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढू द्या. पीएच ८ ला अमोनिया जास्त जहरी असतो, म्हणून तुमच्याकडे ही पायरी सोडून चालणारच नाही. प्रयोगशाळेच्या दुकानातून शुद्ध अमोनियम क्लोराइड आणा. कल्हईवाल्याकडचा नवसागर तोच, पण तो शुद्ध नसतो, तो नको. २२० लिटरला दीड ग्रॅम घातलं की साधारण २ पीपीएम अमोनिया होतो. तो आधी नायट्राइट होईल, मग नायट्रेट. घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दाखवलं, की टँक तयार. चार ते सहा आठवडे जातील.

धागाकर्ती

पाच आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे.

आईशी बोलून ठरवलं: म्बुना. एंजल जमतील हे कळूनही तीच नको म्हणाली. "त्या दोघांची आठवण येईल, आणि टँकरचं पाणी आलं की तू घाबरशील," म्हणाली. दगड भाऊ आणि मी दोन खेपांत आणले, घासून, उकळतं पाणी ओतून रचले. आईने खुर्चीतून सांगितलं कुठला दगड कुठे बसवायचा. कपारी अशा झाल्या आहेत की एका बाजूने शिरलेला मासा दुसऱ्या बाजूने निघेल.

नायट्राइट चौथ्या आठवड्यात इतकं चढलं की किटचा रंग गडद जांभळा झाला. काल पहिल्यांदा अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्य. आज परत दीड ग्रॅम घातलंय, उद्या तसंच आलं तर मोठा पाणीबदल करून शनिवारी मासे आणेन.

यलो लॅब आणि असेई एका घरगुती पैदास करणाऱ्याकडे ठरवले आहेत, आईबाप मासे दाखवून देणारा आहे. रस्टी तीन दुकानांत विचारूनही मिळाला नाही. आता दोनच विचारायचं आहे. रस्टीची जागा मोकळी ठेवून १० लॅब आणि ८ असेईने सुरुवात करू का, आणि रस्टी दोन महिन्यांनी मिळाला तर नंतर सोडताना दगडांची मांडणी बदलावी लागेल का? पुणे, पिंपरी-चिंचवड किंवा साताऱ्याकडे कोणाकडे रस्टीची पिल्लं असतील तर कृपया इथेच कळवा, मी येऊन घेऊन जाईन.