मदत हवी आहे: पावणेदोन वर्षांची मुलगी, एकही शब्द नाही
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये म्हसरूळला आमच्या शेजारच्या बांधकामाच्या साइटवर सुरगाण्याकडचं जोडपं कामाला आहे. त्यांची मुलगी दिवसभर वाळूच्या ढिगाशी बसते, हातात बिस्किटाचा पुडा. अजून ‘आई’सुद्धा म्हणत नाही. परवा मी तिच्यामागे स्टीलचं ताट पाडलं (मुद्दामच), तर दचकलीसुद्धा नाही. म्हणजे आधी कानच तपासायला हवेत ना?

गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे १००० दिवस मोलाचे म्हणतात. हिचे जेमतेम तीन महिने उरलेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वयोगटाची तपासणी-उपचार मोफत आहेत, एवढं माहीत आहे. पण सिव्हिलमध्ये नेमकं कुठे जायचं, बेरा (ऐकू येतं का, ते पाहणारी तपासणी) कोणत्या वारी होते? खाडा पडला की मजुरी बुडते, त्यामुळे एका फेरीत काम व्हायला हवं. आणि अंगणवाडीत नाव गावाकडे आहे, पोषण आहार इथे मिळेल का?