'डिसेबल्ड' रकाना: अक्षम, निष्क्रिय की बंद?

प्रश्न: वेब फॉर्मवरच्या एका मार्गदर्शिकेचे मराठीकरण करायचे आहे. 'एनेबल' आणि 'डिसेबल'साठी 'सक्षम' आणि 'अक्षम' योग्य वाटतात का? 'रीड-ओन्ली'लाही 'निष्क्रिय' म्हटले तर चालेल का?

उत्तर: दोन्हींना एकच शब्द देऊ नका. डिसेबल्ड रकान्याचे नाव आणि मूल्य ब्राउझर फॉर्मबरोबर पाठवतच नाही, आणि टॅब दाबून तिथे पोहोचताही येत नाही. रीड-ओन्ली रकान्यात जाता येते, मजकूर कॉपी करता येतो आणि तो सर्व्हरकडे जातोही. पिनकोडवरून आपोआप भरलेला जिल्हा कोणी बदलू नये म्हणून तो डिसेबल केला, तर अर्ज जिल्ह्याविनाच पोहोचतो. म्हणून पहिल्याला 'बंद' आणि दुसऱ्याला 'वाचनापुरता' म्हणावे. 'अक्षम' हा कुवतीचा शब्द आहे. रकान्याची कुवत गेलेली नसते, तो कोणीतरी बंद केलेला असतो. शिवाय 'रकाना खुला करा' हे 'सक्षम करा'पेक्षा कितीतरी सरळ मराठी आहे.

हरकत: 'चेकबॉक्स बंद करा' असे वाचून लोक त्यातली बरोबरची खूण काढतील. 'गोठवा' कसा वाटतो?

उत्तर: हरकत रास्त आहे. पण गोठवलेली गोष्ट आहे तशी टिकते, त्यामुळे 'गोठवा' म्हटले की मूल्य पाठवले जाईल असे वाटते. चेकबॉक्स, रेडिओ बटण आणि ड्रॉपडाउन यांना रीड-ओन्ली लागूच होत नाही. तिथे 'वापरासाठी बंद' असे पूर्ण लिहावे. मूल्य पाठवायचेच असेल, तर त्याच नावाचा लपवलेला रकाना सोबत ठेवावा लागतो, हेही मार्गदर्शिकेत सांगा.

आणखी एक मुद्दा: 'अ‍ॅट्रिब्यूट' आणि 'प्रॉपर्टी' या दोन्हींना 'गुणधर्म' म्हणण्याची सवय मोडायला हवी, कारण इथली सर्वांत नेहमीची चूक त्यातूनच होते. अ‍ॅट्रिब्यूट म्हणजे पानाच्या एचटीएमएल मजकुरातल्या टॅगवरची खूण. 'डिसेबल्ड' ही खूण असली की रकाना बंद, मग तिच्यापुढे 'फॉल्स' लिहिलेले का असेना. जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या सेट-अ‍ॅट्रिब्यूटने 'फॉल्स' दिले तरी रकाना बंदच राहतो. खुला करायचा तर रिमूव्ह-अ‍ॅट्रिब्यूटने खूण काढावी लागते. प्रॉपर्टी म्हणजे स्थिती. जावास्क्रिप्टमध्ये ती थेट ट्रू किंवा फॉल्स करता येते आणि हाच मार्ग सगळ्या ब्राउझरांत भरवशाचा आहे. मी 'खूण' आणि 'स्थिती' हेच शब्द सुचवीन.

पुरवणी: फायरफॉक्स पान रिफ्रेश केल्यावरही स्क्रिप्टने बदललेली स्थिती लक्षात ठेवतो. त्यामुळे 'रकाना मुळात खुला असतो' असे वाक्य लिहू नका. 'पान उघडताच स्थिती स्क्रिप्टने ठरवा' असे लिहा, किंवा त्या रकान्यावर ऑटोकम्प्लीट (आधीची माहिती आपोआप भरण्याची सोय) 'ऑफ' ठेवायला सांगा. फील्डसेटसाठी, म्हणजे एकत्र बांधलेल्या रकान्यांसाठी, 'गट' पुरेसा आहे. गट बंद केला की आतले सगळे रकाने बंद होतात, फक्त त्याच्या पहिल्या लेजंडमधले (शीर्षकातले) तेवढे खुले राहतात.

प्रश्नकर्ता: मग 'बंद', 'खुला', 'वाचनापुरता' हे शब्द घेतो. 'संरक्षित'ही मनात होता.

उत्तर: तो नकोच. ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमधून बंद रकाना कोणीही खुला करू शकतो. तपासणी सर्व्हरवरच करावी लागते.