'कोरिओलेनस'मधल्या 'व्हॉइसेस'ना मराठीत काय म्हणावं?

रंगपाठ: शेक्सपिअरच्या 'कोरिओलेनस'मधला दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश घ्या. कोरिओली शहर जिंकून आलेल्या केयस मार्शियसला, म्हणजेच कोरिओलेनसला, सिनेटने कॉन्सलपदासाठी, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकारपदासाठी, पुढे केलं आहे. आता रूढीप्रमाणे त्याने साधा झगा घालून बाजारचौकात उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्या नागरिकांकडे त्यांचे 'व्हॉइस' मागायचे. एकाच छोट्या भाषणात हा शब्द सात वेळा येतो. अर्थ 'मत' हे उघड आहे. पण 'मतं' लिहिलं की प्रवेश आजच्या प्रचारसभेसारखा वाजतो. 'कौल' कसा वाटतो? जुना आहे, भारदस्त आहे, आणि 'जनतेचा कौल' सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

कोशवाचक: व्युत्पत्ती तुमच्या बाजूने आहे. कौल मूळचा अरबी, आणि तिथे त्याचा अर्थ उच्चारलेला शब्द, बोल. त्यातूनच आपल्याकडे वचन, अभय, कौलनामा हे अर्थ आले. कोकणात देवाला कौल लावतात तेव्हाही देवाने 'बोलावं' हीच अपेक्षा असते. उलट 'मत' हे 'मन्' धातूचं, म्हणजे डोक्यात असलेलं. 'व्हॉइस' तोंडातून निघतो, मत मनात राहू शकतं. या नाटकात तो फरक फार मोठा आहे.

तरीही या प्रवेशात कौल चालणार नाही. कौल एकवचनी असतो आणि वरून येतो: देवाचा, जनतेचा, मतदारांचा. 'माझा कौल घ्या' असं एकटा चांभार किंवा विणकर म्हणत नाही. इथे तर नागरिक आपसांत ठरवतात की सगळ्यांनी घोळक्याने जायचं नाही. एकेकट्याने, दोघादोघांनी, तिघातिघांनी त्याच्यासमोरून जायचं, म्हणजे प्रत्येकाला आपल्या जिभेने आपला आवाज देण्याचा मान मिळेल. कौल या शब्दाने नेमका तो मान पुसला जातो. प्रवेशाच्या शेवटाकडे ट्रिब्यून, म्हणजे लोकांचा प्रतिनिधी, सिसिनियस मार्शियसला सांगतो की विनंतीची रूढी तू पार पाडलीस, लोकांनी तुला मान्य केलं. कौल तिथे ठेवा: 'लोकांचा कौल तुमच्या बाजूने आहे.'

तालीमघर: तोंडाचा मुद्दा आणखी ताणायला हवा, कारण नाटककाराने तो शेवटपर्यंत ताणला आहे. याच प्रवेशाच्या सुरुवातीला एक नागरिक म्हणतो, त्याने जखमा दाखवल्या आणि पराक्रम सांगितले तर आपल्याला आपल्या जिभा त्या जखमांत घालून त्यांच्या वतीने बोलावं लागेल. म्हणजे जखमेला तोंड, तोंडाला जीभ, जिभेला आवाज. पुढे तिसऱ्या अंकात हद्दपारीची शिक्षा ऐकल्यावर मार्शियस लोकांना 'कॉमन क्राय ऑफ कर्स' म्हणतो आणि त्यांच्या श्वासाला सडक्या दलदलीच्या वाफेची उपमा देतो. 'कर्स' म्हणजे भटकी कुत्री; 'क्राय' म्हणजे शिकारी कुत्र्यांचा कळप, आणि भुंकणंही. ज्यांचे 'व्हॉइस' मागितले त्यांचंच आता 'क्राय' झालं. 'कुत्र्यांची टोळी' लिहिलं तर अर्थ येतो, आवाज जातो. 'भुंकणारी जमात' बरं, कारण 'आवाज'शी धागा टिकतो.

मग सरळ 'आवाज'च का नाही? दोन अडचणी आहेत. 'आवाज देणे' म्हणजे मराठीत हाक मारणे. शिवाय 'आवाज कुणाचा' या घोषणेची सवय असलेल्या प्रेक्षकाला 'तुमचे आवाज! तुमच्या आवाजांसाठी लढलो' ऐकून भलतंच काही आठवेल. शोकांतिकेत तो धोका पत्करू नये.

माझी सूचना 'होकार'. तो तोंडानेच देतात, प्रत्येकाचा वेगळा असतो, मोजता येतो आणि मागेही घेता येतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण त्याच प्रवेशात मार्शियस गेल्यावर सिसिनियस आणि त्याचा जोडीदार ट्रिब्यून ब्रूटस लोकांना दिलेला होकार फिरवायला लावतात.

रंगपाठ: होकार अर्थाने बसतो, पण सात वेळा म्हणून पाहा. 'होकारांसाठी' पाच अक्षरं, आणि 'हो' ने सुरू होत असल्याने शब्द मऊ पडतो. मार्शियसच्या तोंडी हा शब्द थुंकल्यासारखा यायला हवा.

तालीमघर: बरोबर. म्हणून अनेकवचन टाळून एकवचन घ्या:

'तुमचा होकार! तुमच्या होकारापायी लढलो, होकारापायी रात्री पहाऱ्यावर जागलो, होकारापायी अंगावर दोन डझनांवर जखमा वागवतोय...'

'पायी' या शब्दाने चीड येते. 'साठी'ने फक्त हेतू येतो. आणि तिथला 'वॉच्ड' म्हणजे 'वाट पाहिली' नव्हे, पहाऱ्यावर जागणं. इथे हमखास घसरायला होतं.

त्याच ओळींतली 'तीन सक अठरा' लढायांची गोष्टही जशीच्या तशी ठेवा. आधीच्या प्रवेशात सेनापती कोमिनियस सतरा लढाया सांगतो, म्हणून इथे कुणी 'सतरा' करू नये. मार्शियस 'पाहिल्या आणि ऐकल्या' अशी पुस्ती जोडतो. तो मुद्दाम ढोबळ आकडा फेकतो आहे. जखमांचंही तेच. आई वोलम्निया आणि घरोब्यातला मित्र मेनेनियस पहिल्यांदा हिशेब करतात तेव्हा पंचवीस आणि या लढाईतल्या धरून सत्तावीस होतात. तो मात्र 'दोन डझनांवर' म्हणतो. मोजदाद घरच्यांची, त्याला ती लाज वाटते.

कोशवाचक: होकार मला पटतो, एक दुरुस्ती सुचवून. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात सिसिनियस विचारतो की मिळवलेल्या सगळ्या 'व्हॉइसेस'ची यादी 'बाय द पोल' केली आहे का, आणि ती जमातवार गोळा केली आहे का. इथे तोच शब्द कागदावर आला. चौकातला आवाज आता नोंदवहीतला आकडा झाला. 'पोल' म्हणजे मुळात डोकं. मराठीत त्याला जुळा शब्द तयार आहे: डोई. डोईपट्टी म्हणतो तसं 'डोईगणिक यादी'. त्या काळी इंग्लंडातल्या परगण्यांच्या निवडणुकांतही आधी आरोळ्यांनी निकाल ठरवत आणि वाद झाला तर डोकी मोजत. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाला 'व्हॉइस' आणि 'पोल' हे दोन्ही शब्द घरचे होते. म्हणून तिथे 'मतं' न करता 'होकारांची डोईगणिक यादी' ठेवा. मूळ इंग्रजीत शब्द बदलत नाही. बदलतं ते त्याचं काम.

रंगपाठ: आणि या प्रवेशातलं 'बेग', म्हणजे भीक मागणं? वर्तमानपत्री 'मतांचा जोगवा' इथे चपखल वाटतो.

कोशवाचक: मोह होतो, पण टाळा. जोगवा देवीच्या नावाने मागतात, त्यात मागणाऱ्याची श्रद्धा असते. मार्शियसला ही नुसती भीक वाटते. गरिबांनाच भीक मागून त्रास देण्याची मला कधी इच्छा नव्हती, असं तो तोंडावर सांगतो. त्याच्या बाजूने 'भीक', नागरिकांच्या बाजूने 'मागणं'. तो कॉन्सलपदाची किंमत विचारतो तेव्हा नागरिक उत्तर देतो की किंमत एवढीच, गोडीने माग. अख्ख्या प्रवेशातलं सगळ्यात शहाणं वाक्य आहे ते. 'भीक' आणि 'मागणं' एकाच शब्दात मिसळले तर दोन बाजूंना एकच गोष्ट वेगळी दिसते आहे हे कळणार नाही.

याच प्रवेशातल्या मार्शियसच्या स्वगतात 'हॉब अँड डिक'कडून 'नीडलेस व्हाउचेस' मागण्याचा उल्लेख आहे. 'सोम्यागोम्याकडून नसत्या ग्वाह्या' याहून जवळचं मराठी मला सुचत नाही.

तालीमघर: त्याच ओळींत छापील पाठाचा एक गुंता आहे, तो भाषांतर करणाऱ्याने आधी सोडवावा. 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, 'वुल्विश टंग' छापलंय, म्हणजे लांडग्यासारखी जीभ. दुसऱ्या फोलिओत त्याचा 'गाउन' झाला, आणि पुढे बहुतेक संपादकांनी 'टोज', म्हणजे टोगा, घेतलं. संदर्भ झग्याचाच असल्याने टोगा योग्य. मात्र जिभेची चूक छापखान्यात झाली तरी ती नाटकाच्या विषयाला इतकी धरून आहे की तालमीत नटाला सांगून ठेवावी. 'लांडग्याच्या कातड्याचा हा झगा' म्हणताना हात तोंडाकडे गेला तर बिघडत नाही.

रंगपाठ: पदांची नावं?

कोशवाचक: 'कॉन्सल' तसंच ठेवा. शब्दकोश बघून कुणी 'वाणिज्यदूत' केलं तर रोमचा सर्वोच्च अधिकारी परदेशी वकिलातीत जाऊन बसेल. 'ट्रिब्यून'चा 'लोकपाल' 2013 च्या कायद्यानंतर वापरता येत नाही. प्रेक्षक भ्रष्टाचाराची तक्रार शोधू लागेल. पहिल्या उल्लेखाला 'लोकांचे ट्रिब्यून' म्हणा, पुढे नुसतं 'ट्रिब्यून'.