चौथीतला मुलगा: गोष्ट समजते, वाचता येत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. देवगड तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिसरी-चौथी माझ्याकडे आहे. चौथीतल्या एका मुलाबद्दल विचारायचं आहे.

मी वाचून दाखवलेली गोष्ट तो बारीकसारीक तपशिलांसह परत सांगतो. बंदरावर लिलावाला वडिलांसोबत उभा असतो, त्यामुळे तोंडी हिशेबात वर्गात त्याचा हात कुणी धरत नाही. पुस्तक उघडलं की मात्र 'घर'चं 'धर' होतं, 'भात'चं 'मात'. पहिली वेलांटी तर फारच छळते. ती लिहिलेली असते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, म्हणून 'किनारा'चा कधी 'कनारा' होतो, कधी 'कानिरा'. परवा 'समुद्र'पाशी अडला. 'द्र'कडे बराच वेळ बघत राहिला, मग शेजारच्या चित्रावर नजर टाकली आणि म्हणाला, "दर्या". काल वाचलेला शब्द आज पुन्हा नवा असतो.

घरी मालवणी बोलतात, पण वर्गातली बाकीची मुलंही मालवणीच बोलतात आणि ती वाचतात. म्हणून मला डिस्लेक्सियाची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याची, शंका येते. आई म्हणते, "बाई, ह्येका वाचूक येना नाय, मगे शाळेत घालून काय करू?" मला हे ऐकवत नाही. मुलगा हुशार आहे. पुढच्या वर्षी तो पाचवीला मोठ्या शाळेत जाईल, तिथे चाळीस-पन्नास मुलांत त्याची हुशारी कुणाच्या लक्षात येणार?

तपासणी कुठून सुरू करू? आणि दोन वर्ग सांभाळून त्याच्यासाठी रोज थोडाच वेळ मिळतो, त्यात नेमकं काय घेऊ? अनुभवी शिक्षकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

बाई, तुमची शंका रास्त वाटते. तरी आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीच्या यादीत अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणीही आहेत. ही सगळी निरीक्षणं त्यांना लेखी द्या, वहीची पानं जोडा आणि जिल्हा रुग्णालयासाठी संदर्भचिठ्ठी मागा. गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनाही कळवा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे, ती मराठीतही आहे. तिच्यातला तिसरी ते पाचवीचा प्राथमिक तपासणीचा भाग शिक्षकांसाठीच आहे. त्याने निदान होत नाही, पण पुढे पाठवायला आधार मिळतो.

अक्षमतेच्या दाखल्याची वाट बघत थांबू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, आणि अशी मुलं लवकर ओळखून योग्य ते अध्यापन करण्याची जबाबदारी कलम १६ने शाळेवर टाकली आहे. केंद्रप्रमुखांशी बोलताना हे कलम सांगा.

वर्गात रोज दहा मिनिटं पुरतात, पण ती रोजच हवीत. 'घ-ध', 'भ-म' या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं. तुमच्याकडे वाळूला तोटा नाही. ताटात वाळू घेऊन बोटाने अक्षर काढायला लावा, काढतानाच आवाज मोठ्याने म्हणायला हवा. पहिल्या वेलांटीसाठी माझ्या वर्गात हे लागू पडलं: कागदावर अक्षर काळ्या तेलखडूने, वेलांटी लाल. मूल आधी काळ्यावर बोट ठेवून 'क' म्हणतं, मग लालवर बोट नेऊन 'कि'. जोडाक्षर फोडून लिहा, स-मु-द्-र, आणि मग जोडा.

सगळ्यांसमोर त्याला अचानक वाचायला उभं करू नका. उद्याच्या परिच्छेदातल्या दोन ओळी आज एकट्याकडून वाचून घ्या, उद्या त्याच त्याला द्या. गणिताचं शाब्दिक उदाहरण तुम्ही वाचून दाखवा, म्हणजे वाचनापायी त्याचं गणित बुडणार नाही. त्याच्या तोंडून बंदरावरची हकीकत ऐका, त्याच्याच शब्दांत, मालवणीतही चालेल, लिहून घ्या आणि तोच त्याचा वाचनपाठ करा. स्वतः सांगितलेलं वाचायला मुलं धजावतात.

आईला शाळेत बोलावून त्याचा तोंडी हिशेब ऐकू द्या. आणि पाचवीत पाठवताना काय लागू पडतं याचं एक पान लिहून नव्या वर्गशिक्षकांच्या हातात स्वतः द्या.