सोसायटीच्या लॉनवर उगवलंय, अळंबी आहे का?

टेकडीची_पायवाट:
कोथरूडला राहतो, परवाच्या पावसानंतर लॉनवर सात-आठ पांढऱ्या छत्र्या आल्यात, गोल रिंगण करून. मोठी आहे ती नाश्त्याच्या बशीएवढी, वर तपकिरी खवले, देठाला बांगडीसारखी रिंग. सासूबाई वेल्ह्याकडच्या, म्हणतात आम्ही श्रावणात खायचो तीच ही, सुरी घेऊन निघाल्याच होत्या, कशीबशी थांबवलीय. फोटो अपलोड होईना. खाऊ का?

भिजलेला_बूट:
खालच्या गिल्सचा, म्हणजे टोपीखालच्या पातळ पात्यांचा, रंग सांगितलाच नाहीस! सगळे वरूनच बघतात. आणि देठ कापू नको, मातीसकट उकर, कारण अमानिटाच्या (छत्र्यांचा एक गट, काही जाती जहाल विषारी) बुडाशी मातीत पिशवीसारखी वाटी असते आणि कापलं की तीच खाली राहते.

मिसळ_जादा_तर्री:
चांदीचा चमचा टाकून शिजवा, काळा पडला तर विषारी, आजी असंच करायची

भिजलेला_बूट:
आजीचं नशीब चांगलं. चमच्याला विष कळत नाही, किड्यांनी खाल्लंय म्हणून आपल्याला चालतं असंही नाही. अमानिटातल्या जहाल जाती तर शिजवूनही विषारीच राहतात आणि उलट्या सुरू व्हायलाच सहा-बारा तास जातात, तोवर माणूस बिनधास्त.

वारूळ_शोधक:
सासूबाई चूक नाहीत, जागा चूक आहे. त्यांची अळंबी वारुळाची, तिच्या टोपीला मधोमध टोक असतं आणि देठ मुळासारखा खाली वाळवीच्या घरट्यापर्यंत गेलेला असतो, उपटताना कळतंच. लॉन, रिंगण, खवले, रिंग, हे सगळं वाचून मला क्लोरोफायलम वाटतंय, लॉनवर येणारी विषारी छत्री. खाल्लं तर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब. कोवळेपणी गिल्स पांढऱ्या असतात म्हणून लोक फसतात. टोपी काढून गिल्स खाली करून कागदावर ठेव, वर वाटी पालथी घाल, सकाळी बघ. हिरवट भुकटी पडली तर तेच, वारुळाच्या अळंबीची फिकट गुलाबीसर पडते. गुलाबी पडली तरी इथे विचारून खाऊ नकोस बाबा, मी पण फोटोच काढतो.

टेकडीची_पायवाट:
ठेवलं होतं रात्री. कागदावर शेवाळी रंगाचं चक्र उमटलंय, एकेक रेघ मोजून घ्यावी असं, आणि काल पांढऱ्या होत्या त्या गिल्सही आज मळकट हिरव्या. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडची न्हवंच ही." आता मंडईतून बटण मशरूम आणायला मला पिटाळलंय.