मदत हवी आहे: कडक मार्लमधून (चुना आणि चिकणमाती मिसळलेला खडक) फोरॅमिनिफेरा (एकपेशीय सागरी जीवांची सूक्ष्म जीवाश्म कवचं) न मोडता कसे सोडवायचे?

माझ्याकडचा मार्ल क्रिटेशियस काळाच्या उत्तरार्धातला, करडा, चांगलाच कडक आहे. ताज्या तुटलेल्या कडेवर भिंगाखाली ग्लोबोट्रंकाना (फोरॅमिनिफेराची एक प्रजात) दिसतात, कवचाच्या कडेने धावणाऱ्या दोन समांतर कण्यांसकट (उठावदार रेषा). फार सुंदर आहेत, म्हणूनच ते अख्खे हवेत. पातळ छेद (सूक्ष्मदर्शकासाठी खडकाचा पातळ काप) नको. दोन्ही बाजू बघितल्याशिवाय प्रजाती ठरवता येणार नाही.

आतापर्यंत केलेलं: वाटाण्याएवढे तुकडे करून पूर्ण वाळवले, दोन दिवस पाण्यात ठेवले. काहीच सुटलं नाही. मग दुसऱ्या तुकड्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं. खडक फुटला, पण कवचं खरबरीत झाली, कणे पुसट झाले. गाळात पायराइटचे पिवळट चकाकते कण होते. त्यातून आम्ल तयार होऊन कवचांचं कॅल्साइट खाल्लं गेलं असावं, त्यामुळे तो मार्ग बंद. धुण्याच्या सोड्यात उकळल्यावर थोडे सुटले, 63 मायक्रॉनच्या चाळणीवर मिळाले, पण कवचाच्या कप्प्यांवर माती घट्ट चिकटलेली.

उरलंय फक्त 200 ग्रॅम, त्यामुळे एकच पद्धत निवडावी लागेल. अल्ट्रासॉनिक यंत्र नाही.

दोन पर्याय डोक्यात आहेत: वाळवलेला खडक रॉकेलमध्ये मुरवून मग गरम पाणी घालणं, किंवा सोडियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात भिजवून स्फटिक वाढू देणं, म्हणजे त्यांच्या दाबाने खडक फुटेल. दुसऱ्याची भीती वाटते, कारण स्फटिक कप्प्यांच्या आतही वाढतील.

ज्यांनी असा मार्ल हाताळलाय त्यांनी सांगावं: सोडियम सल्फेटने शेवटचा पातळ कप्पा टिकतो का, आणि स्फटिक वाढवण्याच्या किती फेऱ्यांनंतर थांबायचं?